वीरांची चिलखते आणि त्यांचे दाखले

युरोपातील सरंजामी योद्ध्यांच्या चिलखतांबद्दल आपल्याकडे जे समज आहेत, ते बहुतेक चित्रपटांतून आलेले आहेत. लोखंडात जखडलेला, दोन माणसांनी उचलून घोड्यावर बसवावा लागणारा आणि खाली पडला तर उठू न शकणारा योद्धा हे त्यांतले सर्वांत आवडते चित्र. प्रत्यक्षात रणांगणावर वापरायचे संपूर्ण पोलादी चिलखत साधारण २० ते २५ किलोंचे असे आणि ते वजन सर्वांगावर वाटलेले असे. सराव असलेला माणूस ते घालून चालत असे, पळत असे, घोड्यावर स्वतः चढत असे. याहून जड चिलखते असत ती भाल्यांच्या खेळांसाठी, आणि खेळ संपला की ती उतरवून ठेवायची.

हा समज दूर करणे सोपे आहे. संग्रहालयात काचेपलीकडे उभ्या असलेल्या चिलखताबाबत खरा अवघड प्रश्न निराळाच असतो. हे कोणाचे, आणि कशावरून? माझे स्वतःचे काम सातारा-पुणे भागातल्या जुन्या घरांतील शस्त्रांच्या नोंदी करण्याचे. या विषयाचे रीतसर शिक्षण मी घेतलेले नाही. नोकरी सांभाळून, मिळतील ती पुस्तके वाचून आणि वस्तू हाताळून जे समजले तेवढेच. या कामात हा प्रश्न मला रोज भेटतो. त्याचे उत्तर शोधण्याची पद्धत साडेचारशे वर्षांपूर्वी आल्प्सच्या डोंगरांत एका राजपुत्राने आखली होती, हे वाचनात आले तेव्हापासून आम्ब्रासच्या संग्रहाने माझा पिच्छा सोडलेला नाही.

आम्ब्रास हा ऑस्ट्रियातील इन्सब्रुक शहराजवळच्या टेकडीवरचा किल्ला. त्याला आजचे रूप दिले ते हाब्सबुर्ग घराण्यातील आर्चड्यूक दुसरा फर्डिनांड याने (१५२९–१५९५). सम्राट पहिला फर्डिनांड याचा हा दुसरा मुलगा आणि सम्राट पाचवा चार्ल्स याचा पुतण्या. १५४७ पासून तो बोहेमियाचा कारभारी म्हणून प्राग येथे होता. वडिलांच्या मृत्यूनंतर झालेल्या वाटणीत १५६४ साली टिरोल प्रांत त्याच्याकडे आला आणि १५६७ मध्ये तो इन्सब्रुकला राहायला आला. त्यापूर्वी, १५५७ मध्ये, त्याने आउग्सबुर्गच्या व्यापारी घराण्यातील फिलिपिने वेल्झर हिच्याशी गुप्तपणे लग्न केले होते. सम्राटाच्या मुलाने सावकाराच्या घरातली मुलगी करणे त्या काळच्या रिवाजात बसणारे नव्हते. लग्न मान्य झाले ते एका अटीवर : या विवाहाची मुले हाब्सबुर्ग गादीची वारस होणार नाहीत. आम्ब्रासचा किल्ला फर्डिनांडने पत्नीच्या नावे केला आणि त्याच्या खालच्या भागात आपल्या संग्रहासाठी खास इमारती बांधल्या. केवळ संग्रह मांडण्यासाठी इमारत बांधण्याची कल्पना त्या काळी अगदी नवी होती.

फर्डिनांडची स्वतःची लष्करी कारकीर्द फार मोठी नव्हे. १५५६ मध्ये हंगेरीत तुर्कांविरुद्ध त्याने एक मोहीम केली, तीच त्यातली ठळक गोष्ट. पण चिलखतांचे त्याला लहानपणापासून वेड होते, आणि ज्या इन्सब्रुकमध्ये तो पुढे राहायला आला तिथला दरबारी चिलखत-कारखाना युरोपात नावाजलेला होता. तिथल्या योर्ग सॉइझेनहोफर या कारागिराने १५४७ मध्ये त्याच्यासाठी एक संच घडवला. वडिलांनी मुलासाठी करवून घेतलेला हा संच त्यावरच्या सोनेरी गरुडांमुळे 'गरुड संच' म्हणून ओळखला जातो. त्याचे ८७ भाग आहेत आणि ते निरनिराळ्या तऱ्हेने जोडून बारा प्रकारची चिलखते तयार होतात : घोडदळाच्या लढाईचे वेगळे, पायी झुंजीचे वेगळे, भाल्याच्या खेळाचे वेगळे. यंत्राचे सुटे भाग बदलावेत तशी ही रचना आहे. ती पाहिली म्हणजे चिलखत घडवणाऱ्याला लोहाराइतकेच शिंप्याचेही कसब लागत असणार हे पटते. माप अंगाचे, कापड मात्र पोलादाचे.

अशी उत्तम चिलखते पैसे टाकून घडवता येतात. फर्डिनांडला हवे होते ते पैशाने घडत नव्हते. नावाजलेल्या सेनापतींनी आणि राजांनी प्रत्यक्ष अंगावर घातलेली चिलखते त्याला एका ठिकाणी जमवायची होती. १५७० नंतरच्या दशकात त्याने आणि त्याचा चिटणीस याकोब श्रेंक फॉन नोत्सिंग याने युरोपभरच्या राजांना, ड्यूकांना, सरदारांच्या वारसांना पत्रे धाडायला सुरुवात केली. वीस वर्षे हा पत्रव्यवहार चालला. मागणी साधारण एकाच साच्याची असे. आपल्या पूर्वजाचे किंवा आपले स्वतःचे चिलखत पाठवावे. शक्यतो लढाईत घातलेले असावे. सोबत त्या व्यक्तीचे विश्वासू चित्र द्यावे, आणि तिने काय पराक्रम केला त्याचा वृत्तांत कळवावा.

वस्तू, चित्र आणि वृत्तांत ही तीन अंगे त्याने एकत्र मागितली, हीच या संग्रहातली मोलाची गोष्ट. त्या काळी राजेरजवाड्यांकडे शस्त्रांचे साठे खूप होते. आपल्याकडे जसे शिलेखाने, तसेच ते. त्यांत वस्तूची किंमत होती ती उपयोगाची किंवा सोन्याचांदीची. फर्डिनांडने किंमत ठरवली ती वस्तूमागच्या माणसावरून, आणि तो माणूस सिद्ध करायला दाखला हवा असे मानले. केवळ चेहऱ्यांसाठी त्याने लहान आकाराच्या चित्रांचा आणखी एक संग्रह जमवला. त्यात सुमारे एक हजार चित्रे आहेत आणि ती आज व्हिएन्नात आहेत.

अशी शंभराहून अधिक चिलखते आम्ब्रासला आली आणि उंच लाकडी कपाटांत उभी राहिली. त्यांचे पुस्तक छापायचे ठरले, पण ते पूर्ण झालेले फर्डिनांडला पाहता आले नाही. त्याच्या मृत्यूनंतर सहा वर्षांनी, १६०१ मध्ये, श्रेंकने ते लॅटिनमध्ये इन्सब्रुकला प्रसिद्ध केले. १६०३ मध्ये जर्मन आवृत्ती निघाली. 'आर्मामेंटारियम हिरोइकम' या नावाने ते ओळखले जाते. चित्रे काढली जोव्हान्नी बात्तिस्ता फोंताना याने आणि ती तांब्यावर कोरली आउग्सबुर्गच्या डॉमिनिकुस कुस्टोस याने. एकूण १२५ वीर. प्रत्येक जण कोनाड्यात उभा आहे, अंगात आम्ब्रासला असलेले त्याचेच चिलखत आणि समोर त्याचे चरित्र. आधी सम्राट, मग राजे, मग ड्यूक, मग सरदार आणि सेनानायक असा मानाचा क्रम. संग्रहालयाची सचित्र सूची छापण्याचा हा जगातला अगदी आरंभीचा प्रयत्न आहे, असे अनेक अभ्यासक मानतात. या पुस्तकाची पाने आता घरबसल्या पडद्यावर पाहता येतात. लॅटिन मला येत नाही. पण चित्रे आणि नावे पाहत मी कित्येक रात्री या पुस्तकात घालवल्या आहेत.

व्हिएन्नाला जाण्याचा योग आला तेव्हा मूळ वस्तू पाहिल्या. आम्ब्रासच्या संग्रहाचा मोठा भाग आता तिथल्या नोये बुर्ग या राजवाड्यातील शस्त्रसंग्रहात आहे. मिलानच्या मिसाल्या घराण्यातील कारागिराने १४५० च्या सुमारास केलेले पॅलाटिनेटच्या पहिल्या फ्रीडरिखचे चिलखत तिथे आहे. त्यावर नक्षीचा लवलेश नाही. गुळगुळीत पोलादी पत्रे, रुंद खांदे, वार निसटून जावा अशी वळणे. त्याच संग्रहात अलेस्सांद्रो फार्नेझे याचे चिलखत आहे. पार्माच्या घराण्यातला हा सेनापती स्पेनच्या बाजूने नेदरलँड्समध्ये लढत होता. मिलानच्याच लुचिओ पिच्चिनिनोने १५७८ च्या सुमारास घडवलेल्या या चिलखतावर उठावाची चित्रे आणि सोन्याचांदीचे काम इतके दाट आहे की मोकळी जागा शोधावी लागते. शंभर-सव्वाशे वर्षांत चिलखताचे रणांगण कसे सुटत गेले आणि ते दरबारी पोशाख कसे झाले, हे या दोन वस्तूंमधल्या अंतरात दिसते. शत्रूपक्षही इथे गैरहजर नाही. उस्मानी साम्राज्याचा वजीर सोकोल्लू मेहमद पाशा याचे शिरस्त्राण आम्ब्रासने जपले. पाचव्या चार्ल्सचा आयुष्यभराचा वैरी, फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्सिस, यालाही वीरांच्या रांगेत जागा मिळाली.

या फ्रान्सिसच्या चिलखताची हकीकत मुळातून सांगण्यासारखी आहे. २४ फेब्रुवारी १५२५ रोजी इटलीतील पाव्हियाच्या लढाईत चार्ल्सच्या सैन्याने फ्रान्सिसला रणांगणावरच कैद केले. फ्रान्सच्या इतिहासातला हा एक मोठा मानभंग. पुढे फ्रान्सिसच्या नावाचे जे सुंदर चिलखत आम्ब्रासमध्ये होते, ते त्याने पाव्हियाला घातलेले, म्हणजे पराभवाच्या दिवशी अंगावरून उतरवलेले, असा समज रुजला. १८०५ मध्ये नेपोलियनने ऑस्ट्रियाचा पराभव केला आणि टिरोल त्याच्या दोस्ताकडे, बव्हेरियाकडे गेला. १८०६ मध्ये आम्ब्रासचा संग्रह सुरक्षिततेसाठी व्हिएन्नाला हलवण्यात आला. त्याच वर्षी फ्रान्सिसचे चिलखत मात्र पॅरिसला गेले. पाव्हियाचा कलंक धुतला गेला म्हणून नेपोलियनच्या फ्रान्सने त्याचे स्वागत केले.

इन्सब्रुकचे दरबारी कागद वेगळेच सांगतात. हे चिलखत घडले १५३९-४० मध्ये, म्हणजे पाव्हियानंतर तब्बल चौदा-पंधरा वर्षांनी. फर्डिनांडच्या वडिलांनी ते फ्रान्सिसला भेट देण्यासाठी करवून घेतले होते. कारागीर तोच, गरुड संच घडवणारा योर्ग सॉइझेनहोफर. माप घेण्यासाठी तो फ्रान्सला जाऊन आला. चिलखत तयार होईतो दोन्ही घराण्यांचे संबंध पुन्हा बिघडले आणि भेट पाठवली गेलीच नाही. म्हणजे चिलखतावरचे नाव बरोबर होते, माप बरोबर होते. पण त्या राजाच्या अंगाला ते कधी लागलेच नाही. ज्या पराभवाचा सूड म्हणून ते पॅरिसला नेले, त्या पराभवाशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. आज ते पॅरिसच्या लष्करी संग्रहालयात योर्ग सॉइझेनहोफरची उत्तम कलाकृती म्हणून मांडलेले आहे.

दाखला कुठे परदेशात नव्हता. ज्या शहरात चिलखत घडले, त्याच शहराच्या दप्तरात तो पडून होता आणि आम्ब्रास तिथून हाकेच्या अंतरावर. वस्तू एकीकडे आणि कागद दुसरीकडे राहिले की मधली जागा गोष्ट भरून काढते. आणि ती गोष्ट बहुधा खऱ्यापेक्षा अधिक रंगतदार असते.

आम्ब्रासमधील दुसरी वस्तू आपल्याला अधिक जवळची वाटेल. पंधराव्या शतकात अल्बेनियात गेर्ग कास्त्रिओती हा वीर होऊन गेला. लहानपणी तो उस्मानी दरबारात ओलीस म्हणून गेला, तिथेच वाढला, सुलतानाच्या चाकरीत नाव कमावले. स्कांदरबेग हे त्याचे तिथलेच नाव. १४४३ मध्ये त्याने ती चाकरी सोडली आणि मायदेशी येऊन बंड पुकारले. डोंगरी किल्ल्यांच्या आधाराने आणि थोड्या फौजेनिशी पंचवीस वर्षे त्याने बलाढ्य साम्राज्याला दाद दिली नाही. १४६८ मध्ये तो वारला. त्याचा मुलगा इटलीत नेपल्सच्या राज्यात आश्रयाला गेला. सोळाव्या शतकाच्या अखेरीस स्कांदरबेगच्या नावाचे शिरस्त्राण आणि तलवार आम्ब्रासच्या संग्रहात दिसतात. शिरस्त्राणावर शिंगे असलेले बोकडाचे डोके आहे आणि भोवती धातूच्या पट्टीवर काही अक्षरे. ती संक्षेपाक्षरे मानून त्यांतून स्कांदरबेगच्या पदव्यांचे अख्खे लॅटिन वाक्य उभे करण्याचे प्रयत्न झाले आहेत. त्या वाचनाबद्दल आणि पट्टीच्या काळाबद्दलही अभ्यासकांत एकमत नाही. वीराचा मृत्यू आणि आम्ब्रासची नोंद यांच्यामध्ये शंभराहून अधिक वर्षांची फट आहे.

तरीही हे शिरस्त्राण आज अल्बेनियाच्या राजमुद्रेवर आहे. २०१२ मध्ये देशाच्या स्वातंत्र्याला शंभर वर्षे झाली, तेव्हा व्हिएन्नाने ही शस्त्रे काही आठवड्यांसाठी तिराना येथील राष्ट्रीय संग्रहालयाला उसनी दिली. शतकांनंतर ती प्रथमच मायभूमीत आली आणि पाहायला लोकांची रीघ लागली.

हे वाचताना आपल्याला साताऱ्याची आठवण होणे अपरिहार्य आहे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधील वाघनखे जुलै २०२४ मध्ये तीन वर्षांच्या कराराने महाराष्ट्रात आली आणि साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात मांडली गेली. मीही रांगेत उभा राहून ती पाहिली. त्या वाघनखांचा दाखला म्हणजे त्यांच्या पेटीवरचा इंग्रजी मजकूर. ग्रँट डफ साताऱ्याला असताना पेशव्यांच्या प्रधानाने ती त्याला दिली आणि शिवाजी महाराजांनी मोगल सेनापतीला मारले ते याच शस्त्राने, अशा अर्थाचा. डफ साताऱ्याला होता १८१८ ते १८२२ या काळात. अफजलखानाचा वध १० नोव्हेंबर १६५९ चा. मध्ये सुमारे १६० वर्षे. शिवाय खान विजापूरच्या आदिलशाहीचा सरदार, मोगलांचा नव्हे. मजकूर लिहिणाऱ्याला तेवढेही नीट ठाऊक नसावे. ही तीच वाघनखे आहेत याची खात्री देता येत नाही, असे त्या संग्रहालयाने स्वतःच नोंदवले आहे.

या मुद्द्यावर आपल्याकडे जी खडाजंगी झाली तीत दोन्ही बाजूंना एक गोष्ट निसटली असे मला वाटते. दाखला मागणे म्हणजे अनादर करणे, ही एक टोकाची समजूत. दाखला नाही म्हणजे वस्तू टाकाऊ, ही दुसरी. प्रतापगडाचा प्रसंग समकालीन साधनांवर उभा आहे. तो वाघनखांच्या एका जोडीवर अवलंबून नाही. आणि ती वाघनखे महाराजांच्या हातातली ठरली नाहीत, तरी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, राज्य गेल्यानंतर, साताऱ्यात कोणाला काय आठवत होते आणि इंग्रज अधिकाऱ्याला भेट देताना काय सांगावेसे वाटले, याचा ती पुरावा आहेतच. स्कांदरबेगच्या शिरस्त्राणाबद्दलही हेच म्हणता येईल.

आपल्या घराघरांतल्या तलवारींची अडचण आणखी वेगळी आहे. अनेक जुन्या घरांत 'फिरंग' सापडते. पाते युरोपातले, मूठ आपल्याकडची. पात्यावर धावत्या लांडग्याची खूण असली की घरातली मंडळी अभिमानाने दाखवतात. पण जर्मनीतील पासाऊ गावाची ही खूण सोलिंगेनच्या कारागिरांनीही सर्रास वापरली. जेनोवाच्या पात्यांवरची दातेरी चंद्रकोरीची जोडखूण तर आपल्या देशातल्या लोहारांनीही उतरवली. म्हणजे खूणही एकटी साक्षीला पुरत नाही. मग उरते ते घरातले सांगणे. "ही पानिपतावर होती" असे मला किमान वीस घरांत ऐकायला मिळाले. कोणी सांगितले असे विचारले की उत्तर येते, "आजोबा सांगायचे." आजोबांना कोणी सांगितले, हे विचारायला आता आजोबा नाहीत.

म्हणून अशा घरी गेलो की मी फर्डिनांडच्या मागणीवरूनच तीन प्रश्न विचारतो. ही वस्तू घरात कुठून आली? ज्याची म्हणता त्याचे नाव कुठल्या कागदात, वंशावळीत, सनदेत किंवा वीरगळावर आहे? आणि ही हकीकत तुम्हाला कोणी, साधारण कधी सांगितली? तिसरा प्रश्न फर्डिनांडने विचारला नव्हता. फ्रान्सिसच्या चिलखताने तो आपल्याला शिकवला आहे. बरेचदा पहिल्या दोन प्रश्नांना उत्तर मिळत नाही. तिसऱ्याला मात्र आज मिळते, आणि आणखी वीस वर्षांनी तेही मिळणार नाही. दरम्यान वाडे पडतात, वाटण्या होतात, शस्त्रे जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याकडे जातात. तिथून ती एखाद्या दिवाणखान्यात पोचतात तेव्हा त्यांच्यावर नवे, अधिक भारी नाव चढलेले असते.

फर्डिनांडच्या मुलांना गादी मिळाली नाही. त्याच्या मृत्यूनंतर टिरोल हाब्सबुर्गांच्या मुख्य शाखेकडे परत गेले आणि १६०६ मध्ये त्याच्या मुलाने आम्ब्रास संग्रहासह सम्राट दुसरा रुडॉल्फ याला विकले. तरीही चारशे वर्षांनंतर त्यातल्या बहुतेक चिलखतांची नावे आपल्याला ठाऊक आहेत आणि कुठली नावे संशयास्पद आहेत तेही ठाऊक आहे. पत्रे, याद्या आणि छापील पुस्तक टिकले, म्हणूनच त्यांतल्या चुकाही शोधता आल्या. जिथे नोंदच नाही, तिथे चूक सापडण्याची सोयसुद्धा नसते.

आपण खंडेनवमीला शस्त्रे पाटावर मांडतो, गंधफूल वाहतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा माळ्यावर ठेवतो. पुढच्या खंडेनवमीला त्या पाटाशेजारी एक वही ठेवावी. तलवारीची लांबी, पात्यावरच्या खुणा, एक छायाचित्र; घरात तिच्याबद्दल काय सांगतात ते; आणि ते कोणी सांगितले त्याचे नाव व त्या दिवसाची तारीख. हकीकत खरी की खोटी ते पुढचा अभ्यासक पाहील. त्याला तपासायला काही तरी लिहिलेले सापडावे, एवढे आपल्या हातात आहे.